पहिली धार, मधली धार

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मद्याच्या चवीवर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या प्राचीन वैद्यकाला हा विषय वर्ज्य नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययावर आहे. मद्याचे गुण, ते घेण्याचा विधी, मदाच्या चढत्या अवस्था आणि अतिरेकातून उद्भवणारे विकार, या साऱ्यांचा ऊहापोह तेथे एकत्रच केलेला आढळतो. गुण सांगताना दोष झाकले नाहीत आणि दोष सांगताना गुणांकडे पाठ फिरवली नाही. तोच पायंडा समोर ठेवून मी दोन पेयांचा हा रसास्वाद लिहीत आहे. एक आहे स्कॉटलंडच्या लिव्हेट नदीच्या खोऱ्यातील 'द ग्लेनलिव्हेट' ही बारा वर्षे मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की. दुसरे आहे आपल्या धार-अलीराजपूर पट्ट्यातील मोहाच्या फुलांचे मद्य, अर्थात परवान्याने तयार झालेले.

प्रथम सिंगल माल्ट म्हणजे काय ते पाहू. अनेकांची अशी समजूत असते की 'सिंगल' म्हणजे एकाच पिंपातली. वस्तुतः 'सिंगल' म्हणजे एकाच कारखान्यात तयार झालेली, आणि 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. स्कॉच व्हिस्कीविषयीच्या २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती केवळ अशा सातूपासून, तांब्याच्या पात्रात टप्प्याटप्प्याने ऊर्ध्वपातन करून स्कॉटलंडमध्येच बनवावी लागते. ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओक लाकडाच्या पिंपात ती किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यातील मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. बाटलीवर बारा वर्षे असे छापले असेल, तर आतील सर्वांत कोवळ्या थेंबाचे वय बारा वर्षे असते.

या सर्व प्रक्रियेत मला सर्वाधिक मोह पडतो तो एका क्षणाचा. आपल्याकडे उत्तम, अस्सल गोष्टीला 'पहिल्या धारेची' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्दप्रयोग थेट दारूच्या भट्टीवरून आला आहे. भट्टीतून प्रथम गळणारे द्रव सर्वांत जहाल असते, म्हणून ते सर्वांत खरे, असा त्यामागचा भाव. स्कॉटलंडमधील भट्टीवाला मात्र ही पहिली धार बाजूला काढतो. तीत ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट यांसारखी हलकी, उग्र वासाची द्रव्ये अधिक असतात. शेवटची धारही तो वेगळी करतो, कारण तीत जड, ओलसर, घामट वासाची द्रव्ये उतरू लागतात. पिंपात जाते ती फक्त मधली धार. पहिली आणि शेवटची या दोन्ही धारा फेकून न देता पुढच्या घाणीत मिसळून पुन्हा उकळल्या जातात. मधली धार कोठे सुरू करायची आणि कोठे तोडायची, यातच त्या कारीगराचे अर्धे कसब असते. विशेष म्हणजे हा निर्णय त्याने द्रव न चाखता घ्यायचा असतो. भट्टीतून येणारी धार पितळ आणि काचेच्या कुलूपबंद पेटीतून वाहते आणि १९८० च्या दशकापर्यंत त्या पेटीची किल्ली आबकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात असे. तापमान, घनता आणि पाणी मिसळल्यावर दिसणारा गढूळपणा पाहून त्याला धार तोडावी लागते. रक्त न पाहता नाडीवरून निदान करण्यासारखेच हे आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्याचा धागा आपल्या माळव्याशी येऊन जुळतो. १८१८ साली मंदसौरच्या तहाने होळकरांशी समेट घडवून आणणारा, १८१८-१९ मध्ये देवास आणि धार या पवार संस्थानांशी इंग्रजांचे तह झाले तेव्हा महू येथून मध्य भारताची सूत्रे हलवणारा सर जॉन माल्कम हा स्कॉटलंडच्या डमफ्रीस परगण्यातला. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेमुळे त्याचे नाव मराठी माणसाला परिचित आहे. त्याचा मध्य भारतावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नेमक्या त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने आबकारीचा एक कायदा केला आणि त्याने त्याच्या मायभूमीतील व्हिस्कीचे भवितव्य पालटले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तथापि माळव्यातील आदिवासींविषयी इंग्रज अधिकारी लिहीत होते त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या देशातील डोंगराळ मुलखात काय चालले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तेथे काय चालले होते? जबर करांमुळे लहान शेतकऱ्याला कायदेशीर भट्टी परवडत नव्हती. म्हणून दऱ्याखोऱ्यांत, ओढ्यांच्या काठी, रात्रीच्या धुक्यात चोरट्या भट्ट्या पेटत. एकट्या लिव्हेटच्या खोऱ्यात अशा सुमारे दोनशे भट्ट्या होत्या असे सांगितले जाते. आबकारीचे शिपाई धाडी घालीत आणि गावकरी त्यांना चुकवीत. १८२३ च्या कायद्याने कराचा बोजा उतरवला आणि किमान ४० गॅलनच्या भट्टीला वार्षिक १० पौंड शुल्कात परवाना खुला केला. १८२४ साली त्याच खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने परवाना घेतला. आपल्यातला एक जण सरकारला जाऊन मिळाला म्हणून शेजारी संतापले. भट्टीसह त्याला जाळण्याच्या धमक्या आल्या. ॲबरलोरच्या जमीनदाराने दिलेली पिस्तुलांची जोडी कमरेला लावून तो कित्येक वर्षे वावरला. आज विमानतळावरच्या दुकानात चकचकीत खोक्यात दिसणारी 'द ग्लेनलिव्हेट' ती हीच. आज तिला जी प्रतिष्ठा आहे, तिच्या मुळाशी दोनशे वर्षांपूर्वीची हातभट्टी आहे.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळू. आम्ही चौघे समव्यावसायिक होतो. प्रत्येकापुढे घंटेसारख्या आकाराचे, तोंडाशी निमुळते होत जाणारे दोन पेले आणि प्रत्येकात केवळ १५ मिलिलिटर. बर्फ नाही, सोडा नाही, शेव-चिवडाही नाही. माळव्यात बैठक शेवेवाचून पार पडली, ही गोष्ट इतिहासात नोंदवण्याजोगी म्हणावी लागेल! पण तिखटमिठाच्या जिभेला सूक्ष्म चवी कळत नाहीत, म्हणून तेवढा संयम पाळला.

चव ही जिभेपेक्षा नाकाची बाब अधिक आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. उरलेला सारा संसार घ्राणेंद्रियाचा. गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके असतात. आपल्या आधीच्या पिढीतील डॉक्टर नाकाने निदान करीत. मधुमेही आम्लविषाक्ततेतील श्वासाचा फळासारखा गंध किंवा यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या श्वासातली ती कुबट-गोडसर दुर्गंधी ज्याने एकदा अनुभवली, तो ती विसरत नाही. मद्याच्या सुगंधाविषयी लिहिताना त्या दुसऱ्या गंधाची आठवण मी मुद्दाम ठेवली आहे.

ग्लेनलिव्हेटचा रंग फिकट सोनेरी, नव्या गवतासारखा. पेला नाकाशी नेताना ओठ किंचित विलग ठेवावेत, म्हणजे मद्यार्काचा झणका थेट नाकात जात नाही. पहिला गंध येतो तो पिकलेल्या अननसाचा. त्यामागून सफरचंद, मग मध आणि अगदी शेवटी व्हॅनिलाचा. हा व्हॅनिला सातूतून येत नाही. ओक लाकडातील लिग्निन जळून-विघटित होऊन जे व्हॅनिलिन तयार होते, त्याचा तो दरवळ. घोट तोंडात घेतल्यावर प्रथम गोडवा, मग जिभेच्या कडांना किंचित चुरचुर, मग बदामासारखी स्निग्धता. गिळल्यानंतर रेंगाळणारी चव मात्र अपेक्षेपेक्षा लवकर ओसरते.

त्यानंतर पाण्याचे चार थेंब घातले. ज्या देवासला १९९० च्या सुमारास इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसाला थेंबाचे मोल सांगायला नको. या थेंबांनी गंध खुलतो हा जाणत्यांचा जुना अनुभव. २०१७ साली स्वीडनमधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिकृतीच्या साह्याने त्याचे कारण मांडले. व्हिस्कीला धुरकट गंध देणारा ग्वायाकोल हा रेणू तीव्र मद्यार्कात आत दडून राहतो आणि पाण्याने मद्यार्क विरळ झाला की पृष्ठभागाकडे येतो. ग्लेनलिव्हेट मुळातच धुरकट नाही, त्यामुळे येथे खुलली ती फुले. आमच्यातले ज्येष्ठ सहकारी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "अहो डॉक्टर, ही तर दवाखान्यात आल्यावर न बोलणाऱ्या पेशंटसारखी आहे. दोन मिनिटं थांबलं की सगळं सांगते."

मग मोह. फाल्गुन-चैत्रात कुक्षी, बाग, गंधवानीच्या परिसरात पहाटे हिंडलेल्याला हा गंध ठाऊक असतो. मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. बायका-मुले झाडाखालची जमीन झाडून ठेवतात आणि उजाडता टोपल्या भरतात. या फुलांत साखर विपुल असते, म्हणून ती आधी अन्न आहेत आणि नंतर मद्य. दुष्काळात ती भाजून, शिजवून खाल्ली जातात. वाळवलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात आणि मग मडक्यावर मडके चढवून त्यांची वाफ थंड करतात. प्यायच्या आधी थोडी धार जमिनीवर, पूर्वजांच्या आणि देवाच्या नावाने सोडली जाते. आपल्या शेजारच्या उज्जैनला हे नवे नाही. तेथे कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो आणि नवरात्रातील नगरपूजेत छिद्र पाडलेल्या हंडीतून मद्याची अखंड धार सोडीत अनेक देवळांची फेरी पूर्ण केली जाते.

पेल्यातला मोह पाण्यासारखा नितळ होता, कारण त्याने लाकूड पाहिलेलेच नव्हते. गंध मात्र असा की चौघांनीही एकदमच मान वर केली. रात्रभर उंबऱ्याशी पडून राहिलेली फुले, ओली माती, जुना गूळ आणि मागे किंचित कस्तुरीसारखा रानवट दरवळ. गंधाच्या श्रीमंतीत मोहाने ग्लेनलिव्हेटला मागे टाकले, असे माझे प्रामाणिक मत आहे. जिभेवर मात्र चित्र पालटले. आरंभीचा गोडवा सुरेख, पण लगेच घशाशी एक खरखरीत, उग्र झटका. पहिली धार थोडी उशिरा तोडली गेली असावी किंवा पुरती तोडलीच नसावी. पाण्याने तो उग्रपणा निवळला, पण गेला नाही. फुलाने आपले काम चोख केले होते. कसर राहिली होती ती भट्टीजवळच्या शिस्तीची आणि काळाची.

शिस्त आणि काळ, दोन्हींना कायद्याचा आधार लागतो. ज्याला कोणत्याही क्षणी धाड पडण्याची भीती आहे, तो मधल्या धारेची वाट पाहत बसत नाही आणि पिंप भरून बारा वर्षे तर मुळीच थांबत नाही. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला हा आधार १८२३ साली मिळाला. आपल्याकडे उलटा प्रवास झाला. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. अन्न म्हणून वेचलेले फूलही त्यामुळे गुन्ह्याच्या छायेत गेले. मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरासाठी ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे, पण विक्रीची वाट बंद होती. २०२१ च्या अखेरीस राज्य शासनाने तिला 'हेरिटेज' मद्याचा दर्जा देण्याची घोषणा केली. त्यानंतर आदिवासी स्वयंसहाय्यता गटांकडून अलीराजपूरचे 'मोंड' आणि दिंडोरीचे 'मोहुलो' बाजारात आले. कायदा उशिरा आला, पण आला. पिंपाचा प्रयोगही अशक्य नाही. बंगळुरूच्या 'अमृत'ने २००४ साली ग्लासगोतच आपली सिंगल माल्ट सादर केली आणि २०१२ साली गोव्याच्या 'पॉल जॉन'ने लंडनमध्ये पाऊल ठेवले. स्कॉटलंडमध्ये पिंपातील सुमारे दोन टक्के द्रव दरवर्षी हवेत उडून जाते. आपल्या उष्ण हवेत ही घट कित्येक पटींनी अधिक, पण मुरणेही तितकेच जलद. त्यामुळे आपल्या मालाला बारा वर्षे थांबण्याची गरज नाही.

लोकपरंपरेतल्या गोष्टीकडे लक्ष देणे म्हणजे काय, याचा दाखला शोधण्यास देवासकरांना दूर जावे लागत नाही. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले पंडित कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद, बोलण्यावरही बंधन. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली. क्षयावरील नवी औषधे आल्यावर ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्या धुनांतून त्यांचे 'धुनउगम राग' जन्मले. येथे तुलना गाण्याची पेयाशी नाही, हे सांगायला नकोच. तुलना आहे ती लक्ष देण्याच्या रीतीची. लोकधून आधी नीट ऐकावी लागते, मगच तिच्यातला राग दिसतो. आपण मोहाकडे ते लक्ष कधी दिले नाही. दिवाणखान्यातील बाटलीला अभिरुची म्हटले आणि पाड्यावरच्या मडक्याला व्यसन.

परंतु डॉक्टर म्हणून येथे थांबता येणार नाही. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. ४० टक्के मद्यार्काच्या ३० मिलिलिटर पेयात सुमारे साडेनऊ ग्रॅम इथेनॉल असते, मग ते लिव्हेटच्या खोऱ्यातले असो वा गंधवानीचे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपेयांना पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले, की मद्याचे पूर्णतः सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. रोज थोडी हृदयाला बरी, हा आपल्यातीलच काहींनी रुग्णांना दिलेला दिलासा आता शास्त्राच्या आधाराने देता येणार नाही.

दुसरी बाब अधिक तातडीची. ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैनला आणि जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने मजुरांचे बळी घेतले. अशा दुर्घटनांनंतर मोहाची दारू बदनाम होते. मात्र सामूहिक मृत्यू घडवणारे मिथेनॉल बहुधा फुलातून येत नाही. ते औद्योगिक स्पिरिटच्या भेसळीतून येते. मिथेनॉल केवळ पहिल्या धारेतच उतरते, ती टाकली की दारू निर्धोक, हा समजही खरा नाही. भेसळीचे मिथेनॉल कोणतीही धार तोडून निघत नाही. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होण्यास वेळ लागतो, म्हणून रुग्ण पहिले बारा ते चोवीस तास बरा दिसू शकतो. मग धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागते, पोट दुखते, श्वास जलद होतो. काल प्यायलेला माणूस आज "दिसत नाही" म्हणाला, तर त्याला हँगओव्हर समजून घरी पाठवू नये. फोमेपिझोल हाताशी नसेल तेव्हा देखरेखीखाली दिलेले इथेनॉलच येथे उतारा ठरते, कारण एकाच विकरासाठी दोघांत चुरस लागते. सोबत सोडियम बायकार्बोनेट आणि डायलिसिस. हे आपल्याला ठाऊक आहे. समाजातील वाचकांना ठाऊक असावे, म्हणून येथे लिहिले.

म्हणून मोहाला सन्मान मिळावा असे मी म्हणतो, ते पिणे वाढावे म्हणून नव्हे. परवाना, तपासणी आणि लेबल आले की भेसळ करणाऱ्याची वाट अवघड होते आणि दाम फुले वेचणाऱ्या घरापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी, १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा जो अधिकार ग्रामसभेला दिला आहे, तोही तितकाच जपला पाहिजे. गावातील बायकांनी दुकान नको म्हटले, तर तेथे वारशाचे नाव पुढे करून दुकान उघडले जाऊ नये.

आता निवाडा. 'द ग्लेनलिव्हेट' बारा वर्षे: संतुलित, स्वच्छ, नवशिक्यासाठी उत्तम गुरू. गंध प्रसन्न, चव सुबक, शेवट थोडा आखूड. मोहाचे मद्य: गंधात अद्वितीय, जिभेवर अधीर. कारीगराला निर्भयपणे मधली धार तोडण्याची सवड आणि वर्ष-दोन वर्षांचे लाकूड मिळाले, तर हे पेय कोणत्याही परदेशी पेल्याशेजारी मान वर करून बसेल. दोन्हींचे योग्य प्रमाण: पंधरा मिलिलिटर, तेही क्वचित, पोट भरलेले असताना आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे देऊन. ज्यांनी आजवर घेतली नाही, त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करण्याचे काही कारण नाही. त्यांनी चैत्रातल्या एखाद्या पहाटे बागच्या रस्त्याला मोहाच्या झाडाखाली पाच मिनिटे उभे राहावे. त्या पेल्यातले जे सर्वोत्तम आहे, ते तेथे विनापरवाना आणि विनादोष मिळते.